छाया : संग्रहित

ट्रायपॉडबरोबर दुकानानं फुकट वाटलेल्या पुस्तिकेत
पान अकरावर माझी शांतव्वा आहे.
भट्टीच्या तोंडाशी उभी, कपाळावर आडवा हात.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत
छाया : संग्रहित.

संग्रह कुणाचा, ते नाही.
लेख मात्र सुहास मुचंडीकर यांचा,
'सायंकाळचा सोनेरी प्रकाश कसा टिपाल'.
छिद्र इतकं, वेग इतका,
लेन्स आमच्याकडे हप्त्यानंही मिळेल.

सायंकाळ नव्हती ती.
खानापूर, मार्गशीर्ष, पहाटेचे चार,
कौलांची भट्टी नुकती उघडलेली.
आणि वर डाव्या कोपऱ्यात जो पांढुरका डाग,
ज्याला सुहासरावांनी 'स्वप्नवत धुकं' म्हटलंय,
ती बुरशी आहे.
माझ्या लेन्समधली,
जांबोटीच्या चार पावसाळ्यांनी पोसलेली.
लेन्स ह्याच दुकानानं मला विकलेली,
'एकदम क्लीन पीस' म्हणून.

दुसऱ्या रेल्वे गेटापाशी, फाटक पडलेलं असताना
आम्ही जमलो.
भरमा कंग्राळकर : त्याचा भीमगडचा धनेश
चोचीचा शेंडा कापून पान चौदावर बसवलाय.
"नऊ दिवस झाडाखाली पडून होतो की ओ,
जळवा मोजत."
मेहबूब नदाफ, लग्नवाला : त्याच्या निपाणीच्या नवरीचं
'आदर्श पोर्ट्रेट' झालं,
नवऱ्याचा खांदा तेवढा उरलाय.
"तिचा सासरा रोज फोन करूलालाय,
सुनेला विकलास काय म्हणून."
इराण्णा गप्प. त्याचं काहीच चोरलं नव्हतं.
त्याला तेच लागलं होतं.

कुणीतरी कोर्ट म्हणालं
आणि सगळे हसले, चहावालासुद्धा.
'हे कुणाचं' ह्या प्रश्नाची तारीख
आमच्या जिल्ह्यात
बापाकडून पोराकडे जाते.

मग चार माणसं, दोन स्कूटर, असा मोर्चा.
मालकांनी पंखा वाढवला, कुंदा मागवला,
काचेवर एकेक मेमरी कार्ड मांडलं, चौघांना चार.
मेमरी.
हसू यायला हवं होतं.

मागच्या खोलीतून सुहास आला.
सुहासराव कसले, विशीतलं पोर, अनगोळचं,
चपला बाहेर काढून उभं.
एका लेखाचे तीनशे.
कॅमेरा आजवर हातात धरलेला नाही,
कपाटाची किल्ली शेठकडे असते.
"मला वाटलं," तो म्हणाला,
"फोटो असतातच.
डोंगर असतात तसे."

भरमाचा उगारलेला हात
खाली आला तो कुंद्याच्या वाटीत.

ठरलं ते इतकंच :
उरलेल्या दोनशे प्रतींवर नावांच्या चिठ्ठ्या.
रात्री दहापर्यंत सुहास एकटा डकवत होता,
तिरक्या.
माझ्या नावातली वेलांटी त्यानं ऱ्हस्व केली.
असू दे म्हटलं.

रविवारी एक प्रत घेऊन खानापूरला गेलो.
कशाला, नीट सांगता येत नाही.
साक्षीला, बहुधा.
शांतव्वानं हात पदराला पुसले,
पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं,
नखानं चिठ्ठी खरवडायला लागली.
म्हटलं, अगं, ते माझं नाव.
"पाय झाकलेत की रे माझे," ती म्हणाली,
आणि खरवडत राहिली.

मग वर न बघता,
"तीन वर्षं झाली.
देतो म्हणालेलास."

भट्टीचा धूर आमच्या मधून गेला.
तिनं पान शिवणीपासून जपून फाडलं,
घडी न घालता
कोऱ्या कौलाखाली दाबून ठेवलं.
आणखी एक हाय का, विचारलं,
धाकटीला पाहिजे.

देतो, म्हणालो.